पडक्या तटाची सावली कोणाची?

शनिवारी रात्री दादरहून आणि परळच्या एसटी आगारातून पाठीवर पिशव्या बांधलेल्या तरुणांचे जथे राजगड-रायगडाच्या दिशेने रवाना होतात, हे दृश्य मुंबईला नवे नाही. गिरगाव, लालबाग, परळ, नायगाव या वस्त्यांनी गेल्या काही पिढ्यांत दुर्गभ्रमणाची एक परंपराच निर्माण केली आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या सूचीत स्थान दिले, तो एका अर्थाने या परंपरेचाही सन्मान होता. परंतु याच तरुणांना एक साधा प्रश्न विचारून पाहावा. शिवडीचा किल्ला किती जणांनी पाहिला आहे? परळच्या आगारापासून तो पायी तासाभराच्याही आत आहे. तरीही रायगडाच्या पायऱ्यांची संख्या अचूक सांगणाऱ्या अनेकांना शिवडीला किल्ला आहे, हेच ठाऊक नसते.

शिवडी स्थानकाच्या पूर्वेस बंदराची गोदामे ओलांडली की खाडीच्या काठावरील टेकाडावर हा किल्ला उभा आहे. दगडी दरवाजातून आत शिरले की अंगण लागते. दुसरा दरवाजा पहिल्याच्या समोर नसून काटकोनात आहे. समोरून येणाऱ्या हल्ल्याचा जोर मोडावा, ही त्यामागील योजना. आत एक पंचकोनी दालन आणि कमानदार छताची लांब ओवरी आहे. तटाच्या सांध्यांतून पिंपळ आणि उंबर फुटले आहेत, भोवती झाडी माजली आहे आणि तटावरून पूर्वेकडे पाहिले की तिवरांची हिरवी किनार व तिच्यापलीकडे ओहोटीच्या वेळी उघडा पडणारा विस्तीर्ण चिखल दिसतो. गिरणगावाच्या दाटीतून आलेल्या माणसाला येथे प्रथम जाणवते ती शांतता आणि सावली. ही सावली नेमकी कोणाची, हा आज विचारण्याजोगा प्रश्न आहे. कारण मुंबईतील वृक्षराजी, वाडे आणि तट यांचा पाचशे वर्षांचा इतिहास पाहिला तर त्यांचे धनी वारंवार बदलले, पण भोवती राहणारा माणूस मात्र प्रत्येक वेळी कुंपणाबाहेरच राहिला, असे दिसते.

मुंबई मुळात बागांची आणि वाड्यांची नगरी होती. आजच्या पत्त्यांतूनही ते लपत नाही. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, ताडवाडी, उमरखाडी, चिंचबंदर, चिंचपोकळी अशी नावे उच्चारताना गिरगावकर किंवा लालबागकर नकळत झाडांचीच नावे घेत असतो. परळ या नावाची एक व्युत्पत्ती परळी वैजनाथ महादेवाशी जोडली जाते, तर दुसरी पाडळ या वृक्षाशी. दोन्हींपैकी कोणतीही खरी मानली, तरी देव आणि झाड याखेरीज तिसरे काही हाती लागत नाही! लालबागच्या नावात तर बागच आहे. प्रत्यक्षात तेथे बाग किती उरली, हे सांगण्याची गरज नाही.

यांपैकी एका बागेतून तर ब्रिटिशांची मुंबई जन्माला आली. १५५४ च्या सुमारास मुंबईचे बेट गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याला वार्षिक खंडाने मिळाले. आजच्या टाऊन हॉलच्या मागे, बंदराच्या काठी, त्याच्या जहागिरीचा वाडा आणि बाग होती. हा मनुष्य वनस्पतींचा खरा जाणकार होता. भारतीय औषधी द्रव्यांविषयीचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. मुंबईच्या आपल्या आमराईतील एक झाड वर्षातून दोनदा फळते, याची नोंदही त्याने कौतुकाने करून ठेवली आहे. परंतु त्याचे पूर्वज ज्यू होते, बळजबरीने धर्मांतरित झालेले. १५६८ मध्ये तो मरण पावला. पुढच्याच वर्षी गोव्यातील इन्क्विझिशनने त्याच्या बहिणीला जिवंत जाळले आणि १५८० साली स्वतः ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून काढून जाळण्यात आली. मुंबईच्या या बागमालकाला मरणोत्तरही शांतता लाभली नाही. धर्मसत्तेचा उन्माद स्वतःच्या राज्यातील सर्वाधिक बुद्धिमान माणसालाही कसा गिळतो, याचे याहून भेदक उदाहरण शोधणे कठीण. तरीही ज्या मुंबईत तो राहिला, तेथील पाठ्यपुस्तकांत त्याला फारसे स्थान नाही.

ओर्ताचा वाडा १६२६ मध्ये इंग्रज व डच यांच्या संयुक्त आरमाराने जाळला. पुन्हा उभारलेल्या त्याच वास्तूत फेब्रुवारी १६६५ मध्ये मुंबईचा ताबा इंग्रजांकडे गेला. १६६८ साली इंग्लंडच्या राजाने हे बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले आणि कंपनीने वाड्याभोवती तट-बुरूज बांधून त्याचा ‘बॉम्बे कॅसल’ केला. पश्चिम किनाऱ्यावरील मराठी सत्तेविरुद्धच्या मोहिमा याच गढीतून आखल्या गेल्या. गव्हर्नर चार्ल्स बून याने कान्होजी आंग्रे यांच्या विजयदुर्गावर आणि खांदेरीवर आरमार धाडले, ते येथूनच. आणि अपयशाच्या वार्ता परत आल्या, त्याही येथेच. आज त्या कॅसलचे अवशेष नौदलाच्या ज्या तळाच्या आवारात आहेत, त्या तळाचे नाव ‘आयएनएस आंग्रे’ आहे. १९५१ साली हे नामकरण झाले. जुना दरवाजा, तटाचा काही भाग आणि छायाघड्याळ तेथे जतन केलेले आहे. पोर्तुगीजाचा वाडा आणि कंपनीची गढी शिल्लक राहिली, पण तिच्यावर नाव लागले ते कान्होजींचे. एकही दगड न पाडता इतिहासाचा निकाल फिरवण्याचा याहून देखणा प्रकार दुसरा नसेल. पुढील विवेचनासाठी हे उदाहरण लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि मुंबईच्या गोऱ्या वस्तीची झोप उडाली. कोटाभोवती खंदक खणण्याचे ठरले. व्यापाऱ्यांनी त्यासाठी तीस हजार रुपयांची वर्गणी जमवली. पुढे मराठ्यांच्या आणि फ्रेंचांच्या धास्तीने तोफांच्या माऱ्याला आड येऊ नये म्हणून कोटासमोरील घरे आणि माडांच्या वाड्या हटवून मोकळे रान करण्यात आले. आजची ओव्हल, क्रॉस आणि आझाद मैदाने ही त्या मोकळ्या रानाचीच शिल्लक. दर रविवारी तेथे क्रिकेट खेळणाऱ्या शेकडो मुलांना आपल्या खेळपट्टीमागे चिमाजी अप्पांचा धाक उभा आहे, याची कल्पना नसते. १८६० च्या दशकात गव्हर्नर फ्रियर याच्या कारकिर्दीत कोट पाडला गेला आणि ‘फोर्ट’ हे केवळ नाव उरले. सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात तटाचा एक तुकडा तेवढा आहे. राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे मुख्यालयही त्याच्याच सान्निध्यात आहे. आपल्या खिडकीतून दिसणाऱ्या किल्ल्याशी खात्याचा नित्य परिचय आहे, ही समाधानाची गोष्ट. शिवडीचा किल्ला त्या खिडकीतून दिसत नाही, एवढीच अडचण!

दक्षिणेत ही गढी उभी असताना उत्तरेकडे परळला दुसरी एक जहागीर आकार घेत होती. जेझुइट पाद्र्यांचे चर्च आणि मठ तेथे होता. त्याआधी त्या जागी महादेवाचे मंदिर होते, अशी लोकपरंपरा सांगते. परंपरेला ताम्रपटाचे मोल देता येत नाही, हे खरे. पण परळच्या भूमीने स्वतःच एक साक्ष दिली आहे. १९३१ साली परळ-शिवडी भागात रस्त्याचे काम चालू असताना एक अजस्र शिवप्रतिमा सापडली. एकाच शिळेतून एकावर एक उमलत जाणाऱ्या शिवाच्या आकृती, भोवती वाद्ये घेतलेले गण, उंची दोन पुरुषांच्या जवळपास. तज्ज्ञ तिचा काळ इसवी सनाचे पाचवे-सहावे शतक मानतात. ही मूळ प्रतिमा आज परळच्या बारादेवी मंदिरात आहे आणि तिची प्रतिकृती छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. घारापुरीची लेणी पाहण्यासाठी बोटीने जाणाऱ्या मुंबईकराला त्याच तोलामोलाचे शिल्प परळच्या गल्लीत आहे, हे सांगावे लागते.

पाद्र्यांनी सिद्दीला साहाय्य केल्याचा ठपका ठेवून कंपनीने त्यांच्या मालमत्ता जप्त केल्या. १७१९ पासून परळचा मठ गव्हर्नर बूनचे विश्रांतिस्थान बनला. आंग्र्यांच्या आरमाराने हैराण केलेल्या गव्हर्नरला आमराईच्या थंडाव्याची गरज भासली असल्यास नवल नाही. पुढे गव्हर्नर तेथेच राहू लागले. चर्चच्या जागेत मेजवानीचे आणि नृत्याचे दालन झाले. १८७५ मध्ये इंग्लंडचे युवराज तेथे उतरले. १८८० च्या दशकाच्या आरंभी गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी त्याच निवासात पटकीने मरण पावल्या आणि गव्हर्नरांनी मलबार टेकडीचा रस्ता धरला. १८९६ च्या प्लेगने मुंबईला विळखा घातला, तेव्हा डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या या राजभवनात आली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. हाफकिनही ज्यूच. ओर्ताच्या अस्थी जिथल्या धर्मसत्तेने जाळल्या, त्याच किनाऱ्यावर साडेतीन शतकांनी एका ज्यू शास्त्रज्ञाच्या नावाने संस्था उभी राहते आणि येथील समाज ते नाव आदराने उच्चारतो. या समाजाच्या स्वभावाविषयी वेगळे भाष्य करण्याची आवश्यकता नाही. परळच्या त्या आवारातील जुने वृक्ष आजही उभे आहेत. संस्थेच्या कामाचे स्वरूप पाहता त्यांचे कुंपण योग्यच आहे. परंतु कुंपण आहे, ही गोष्टही खरी.

आता पुन्हा शिवडी. १६७९ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी मुंबईच्या मुखाशी खांदेरी बेटावर दुर्ग उभारण्यास प्रारंभ केला. इंग्रजांनी आरमार धाडून विरोध केला. काही महिन्यांत त्यांना हात टेकावे लागले. मुंबईच्या खाडीकाठच्या तटबंद्यांकडे इंग्रजांचे लक्ष लागले, तो हाच काळ. शिवडीचा किल्ला १६८० च्या सुमाराचा. शीवचा १६७० च्या दशकातील आणि वरळीचाही त्याच सुमाराचा. म्हणजे मुंबई बेटावरील या किल्ल्यांची माळ म्हणजे पोर्तुगीज, सिद्दी आणि मराठे या तिघांच्या भीतीने कंपनीने गळ्यात बांधलेला ताईतच होता. तो फारसा फळला नाही. ज्या सिद्दीच्या आरमाराला इंग्रजांनी पावसाळ्यात माजगावच्या बंदरात वर्षानुवर्षे आसरा दिला होता, त्याच सिद्दीचा सरदार याकूत खान १६८९ मध्ये शिवडीला उतरला आणि हा किल्ला त्याने घेतला. पाठोपाठ माजगाव आणि माहीम पडले. इंग्रज आपल्या कॅसलमध्ये कोंडले गेले. औरंगजेबापुढे हात जोडून आणि दीड लाखांचा दंड भरून त्यांनी आपली सुटका करून घेतली. ज्या वर्षी छत्रपती संभाजी महाराजांनी त्याच औरंगजेबापुढे मान न झुकवता बलिदान केले, ते हेच वर्ष, हे ध्यानात घेतले म्हणजे दोन वृत्तींमधील अंतर कळते. सिद्दीने १६९० मध्ये जाताना माजगावचा किल्ला उद्ध्वस्त केला. पुढील चढाईच्या वेळी रुस्तम दोराबजी या पारशी गृहस्थाने बेटावरील कोळ्यांना संघटित करून सिद्दीला पिटाळले, असे सांगितले जाते. कंपनीने भंडाऱ्यांचीही पलटण उभी केली होती. तटावर झेंडा परकीय असला, तरी तटाखाली लढणारे हात अनेकदा याच मातीतील होते.

माजगावच्या त्या उद्ध्वस्त किल्ल्याच्या टेकडीवर आज जोसेफ बाप्टिस्टा उद्यान आहे. काका बाप्टिस्टा हे लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी, होमरूल चळवळीतील अग्रणी, कामगारांचे नेते आणि १९२५ मध्ये मुंबई महापालिकेचे अध्यक्ष. गढीचा मागमूस उरला नाही, पण टेकडी लोकांची झाली. शीवच्या किल्ल्याच्या पायथ्याशीही सार्वजनिक उद्यान आहे आणि माथ्यावरील पडक्या भिंतींपर्यंत कोणीही चढून जाऊ शकतो. तेथील भिंतींवर प्रेमवीरांनी कोरलेली नावे ही आणखी एक लढाई आहे. पण दार उघडे असल्याशिवाय ती लढाईही करता येत नाही. शिवडीला मात्र ना धड उद्यान, ना धड स्मारक. कंपनीच्या काळानंतर तो कैद्यांसाठी आणि पुढे बंदराच्या गोदामासाठी वापरला गेला. नंतर त्याला संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला. पण सभोवतालच्या जमिनीवर बंदराची मालकी. किल्ला एका खात्याचा, जमीन दुसऱ्याची, चिखलातील तिवरे तिसऱ्याची, रस्ता चौथ्याचा. ज्या वास्तूला चार धनी असतात, तिला राखणदार नसतो, हा शासकीय व्यवहाराचा अलिखित नियम आहे.

हा प्रश्न केवळ इतिहासप्रेमींचा असता, तर तो अन्य प्रश्नांच्या रांगेत उभा राहिला असता. परंतु तो गिरणगावाच्या श्वासाचा प्रश्न आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यांपैकी असंख्य पुन्हा कधी कामावर परतले नाहीत. अठ्ठावन्न गिरण्यांखाली सुमारे सहाशे एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने या जमिनीचे तीन भाग कल्पिले: एक मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकांसाठी. त्या वेळी परळ-लालबागच्या चाळींतील माणसाने आपल्या नातवंडांसाठी उद्यानांची स्वप्ने पाहिली असतील, तर त्याला दोष देता येणार नाही. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. वाटणी संपूर्ण जमिनीची नव्हे, तर जी आधीच मोकळी आहे तेवढीचीच, असे ठरले. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. चार शब्दांच्या फेरफाराने एका संपूर्ण लोकवस्तीची सावली नाहीशी झाली. त्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांच्या अंतर्भागात बागा आहेत, तलाव आहेत, झाडेही आहेत. अर्थात पुन्हा कुंपणाआड. पाद्री गेले, गव्हर्नर गेले, जहागिरी मात्र गेली नाही.

गिरणगावाजवळ मोठी म्हणावी अशी एकच सार्वजनिक वृक्षराजी उरली, ती भायखळ्याच्या राणीच्या बागेची, म्हणजेच वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाची. १८६२ मध्ये खुल्या झालेल्या या बागेत गोरखचिंचेपासून अनेक दुर्मीळ वृक्ष आहेत. २००७ च्या सुमारास तेथील प्राणिसंग्रहालयाच्या झगमगाटी आराखड्यामुळे या वृक्षांवर संकट येते आहे, हे लक्षात येताच काही जागरूक महिलांनी झाडांची मोजदाद केली, कागदपत्रे मिळवली, वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. त्यांच्यामागे ना पक्ष होता, ना धनशक्ती. शिवडीसाठी असे कोणी अद्याप उभे राहिलेले नाही, याचे एक कारण अंतराचे नसून मनातील अढीचे आहे.

ही अढी अशी: ‘तो तर परक्यांचा किल्ला. आपल्याच किल्ल्यांचे बुरूज ढासळत असताना गुलामीच्या खुणा कशाला जपायच्या?’ राष्ट्रीय विचारांच्या तरुणांकडून हा प्रश्न विशेष तावाने विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तरही स्पष्ट दिले पाहिजे. वसईचा कोट पोर्तुगीजांनी बांधला. तो नष्ट व्हावा, असे कोणता मराठी माणूस म्हणेल? तो पडला, तर चिमाजी अप्पांनी काय जिंकले, हे पुढील पिढीला दाखवायचे कुठे? सुरुंगांनी उडवलेल्या त्या बुरुजांशेजारी उभे राहिल्याशिवाय त्या मोहिमेचे मोल कळत नाही. शिवडीचेही तसेच. खांदेरीवर महाराजांनी दुर्ग बांधला, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि त्या काळात धास्तावलेल्या कंपनीने बेटाच्या काठाकाठाने उभारलेले तट डोळ्यांनी पाहणे वेगळे. शत्रूच्या भीतीचे मोजमाप त्याच्या भिंतीच्या जाडीवरून करता येते. जो समाज पराभवाच्या खुणा पुसतो, त्याच्या हातून विजयाच्या खुणाही पुसल्या जातात. ‘आयएनएस आंग्रे’ने जे केले, ते शिवडीला नागरिकांनी करावयाचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. माणसांना राहायला घर नाही आणि झाडे-दगडांसाठी जमीन कशी राखायची? माहीमच्या किल्ल्याने त्याचे उत्तर दिले आहे. त्या तटबंदीत वर्षानुवर्षे अडीचशेहून अधिक झोपड्या होत्या. महापालिकेने तेथील कुटुंबांना पर्यायी घरे देऊन २०२३ पर्यंत किल्ला मोकळा केला. तटाच्या ओल्या कमानीखाली संसार मांडणे हा त्या कुटुंबांचा हक्क नव्हता, ती त्यांची शिक्षा होती. घर आणि वारसा यांना एकमेकांविरुद्ध उभे करणारे बहुधा दोन्हींपैकी कशाचेच हितचिंतक नसतात. त्यांची नजर तिसऱ्याच गोष्टीवर असते.

शिवडीच्या बाबतीत ती तिसरी गोष्ट म्हणजे बंदराची जमीन. या पूर्व किनाऱ्याच्या पुनर्विकासाचे आराखडे २०१४ पासून चर्चेत आहेत. १२ जानेवारी २०२४ रोजी सुमारे बावीस किलोमीटरचा अटल सेतू वाहतुकीस खुला झाला आणि त्याचा आरंभ शिवडीहूनच होतो. अटलजींच्या नावाचा हा सेतू देशाच्या अभियांत्रिकी सामर्थ्याचे लेणे आहे. परंतु सेतूमुळे शिवडीच्या जमिनीचे मोल ज्या वेगाने वाढेल, त्या वेगाने किल्ल्याचे संरक्षण वाढलेले नाही. खाडीतील रोहित पक्ष्यांचेही तेच. ठाणे खाडीच्या अभयारण्याची घोषणा २०१५ मध्ये झाली, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. पण शिवडीचा चिखल, जेथे मुंबईकरांनी हे गुलाबी थवे प्रथम हजारोंनी पाहिले, तो त्या सीमेच्या बाहेरच राहिला. केंद्राच्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांभोवती शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे. शिवडीचा तट, टेकाड, झाडी आणि समोरचा चिखल यांना एकच परिसर मानून त्याला तेवढेच भक्कम कवच देणे राज्य शासनाच्या हाती आहे. हे मनोऱ्यांचे नकाशे मंजूर होण्यापूर्वी व्हावयास हवे; नंतर होतात ती केवळ न्यायालयीन प्रकरणे.

मात्र संरक्षण म्हणजे सुशोभीकरण नव्हे. रंगीत दिवे, सिमेंटचे बाक आणि उद्घाटनाची भव्य शिळा यांनी अनेक किल्ल्यांचे पावसापेक्षा अधिक नुकसान केले आहे. जुना तट चुन्यात बांधलेला असतो. चुना, वाळू आणि विटांचा चुरा घाणीत मळून, प्रसंगी गूळ आणि बेलफळाचे पाणी घालून तयार होणारा तो लेप दगडाला श्वास घेऊ देतो. आत शिरलेली ओल बाहेर टाकतो. त्यावर सिमेंट थापले की ओल आतच कोंडते, खाडीच्या हवेतील क्षार साचतात आणि काही वर्षांत दगडाचा चेहराच सुटून येतो. झाडांचेही शास्त्र आहे. तटातील पिंपळ नुसता छाटला, तर तो दुप्पट जोमाने फुटतो आणि मुळे सांधे फाडत राहतात. ते मूळ कौशल्याने निकामी करून पोकळी चुन्याने भरावी लागते. पिंपळाला कुऱ्हाड लावण्यास मन धजत नाही, हा संस्कार योग्यच आहे. लहान रोपे तटातून अलगद काढून टेकाडावर लावावीत, हा त्यातील मार्ग. टेकाडावरील मोठी झाडे मात्र राखलीच पाहिजेत. गड मोकळा करण्याच्या उत्साहात सावली तोडली, तर लालबागच्या आजोबांनी नातवाला घेऊन तेथे यावे कशासाठी?

या कामासाठी लागणारी माणसे दूर शोधण्याची गरज नाही. परळ-लालबागची गणेशोत्सव मंडळे दहा दिवसांत लाखोंच्या गर्दीचे जे नियोजन करतात, ते भल्याभल्या व्यवस्थापकांना थक्क करणारे असते. गिरगावात लोकमान्यांच्या काळापासून सार्वजनिक कार्याची परंपरा आहे. दादरची दुर्गसंवर्धक मुले सह्याद्रीतील टाकी उपसतात, ढासळलेल्या पायऱ्या रचतात. यांपैकी प्रत्येकाने वर्षातील चार रविवार शिवडीला द्यावेत आणि पुरातत्त्व खात्याने त्यांना हाकलून न लावता एक जाणकार गवंडी आणि एक वनस्पतितज्ज्ञ सोबत द्यावा. शाळांच्या सहली थेट महाबळेश्वरला नेण्यापूर्वी एक दिवस बारादेवीची शिवप्रतिमा, हाफकिनचा दरवाजा आणि शिवडीचा तट असा पायी फेरफटका घडवावा. हे सारे एका सकाळीत होते आणि बसचे भाडेही लागत नाही.

हस्तांतरणाच्या फाईली चार कार्यालयांतून फिरतील तेव्हा फिरतील. ऑक्टोबरनंतर रोहित उतरू लागतात, तोपर्यंत शिवडी स्थानकाबाहेर आणि परळच्या आगारात किल्ल्याचा रस्ता दाखवणारी ठळक मराठी पाटी लावण्यास कोणत्याही आराखड्याची वाट पाहावी लागू नये.